कॅरिबियन स्वयंपाक शिकायचाय? मग अळूपासून सुरुवात करा

लंडनला येऊन मला नऊ वर्षं झाली, त्यातली सात ब्रिक्स्टनमध्ये, आणि पहिली दोन वर्षं मी तिथल्या इलेक्ट्रिक अव्हेन्यूच्या बाजारातून कोथिंबीर, आलं, मिरच्या एवढंच आणत होते. बाकीच्या ढिगांकडे बघायचे, हे काय असेल बुवा म्हणायचे आणि पुढे जायचे. मग एक दिवस एका स्टॉलवर चक्क अळूची पानं दिसली, जुडी बांधलेली, देठ जांभळट, आमच्या देवरुखच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढतात तश्शी. विचारलं तर स्टॉलवाला म्हणाला, डॅशीन बुश, कॅलालूसाठी. मी दोन जुड्या घेतल्या, घरी येऊन चण्याची डाळ आणि शेंगदाणे घालून फतफतं केलं, आणि जिन्यात वास गेला तसा खालच्या मजल्यावरून दरवाजा वाजला.

खालच्या ऑन्टी. मूळच्या त्रिनिदादच्या, १९७१ साली नर्सिंगसाठी इथे आलेल्या, आणि त्यांचे मिस्टर जमैकाचे. वास ओळखीचा वाटला पण काहीतरी गडबड आहे म्हणून बघायला आल्या होत्या. एक वाटी खाल्ली, आणि म्हणाल्या छान आहे, पण हे आंबट का?

तर हा लेख त्या दिवसापासून मी जे शिकले त्याचा आहे. आफ्रिकन-कॅरिबियन घरगुती जेवण ज्यांना पहिल्यांदा करून बघायचंय, आणि नुसतं करून बघायचं नाही तर ज्यांचं आहे त्यांच्याकडून नीट शिकून लिहून ठेवायचंय, अशांसाठी. मी काही शेफ वगैरे नाही, पाच वर्षं ऑन्टींचा ओरडा खाल्लाय एवढंच क्वालिफिकेशन.

पायरी १: पदार्थ नाही, माणूस पकडा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपण नेटवर जातो, दहा रेसिप्या वाचतो, त्या दहाही वेगळ्या असतात, मग आपण सगळ्यातलं थोडंथोडं घेऊन आपलंच काहीतरी शिजवतो आणि त्याला कॅरिबियन म्हणतो. दुकानाच्या पाटीवर 'आफ्रिकन अँड कॅरिबियन फूड' असं एकत्र लिहिलेलं असतं हे खरंय, पण आफ्रिकेत चोपन्न देश आहेत आणि कॅरिबियनमध्ये बेटागणिक चव बदलते. उद्या कोणी 'इंडियन करी' शिकायचीय म्हणालं तर आपल्याला कसं होतं, तसंच त्यांनाही होतं.

म्हणून एक घर पकडा. शेजारी असेल, ऑफिसातली मैत्रीण असेल, तिची आई असेल. कोणीच नसेल तर बाजारात जा, पण शनिवारी दुपारी नाही, तेव्हा स्टॉलवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, एकच वस्तू घ्या आणि विचारा की तुमच्या घरी ह्याचं काय करतात. 'तुमच्या घरी' हे महत्त्वाचं. नुसतं ह्याचं काय करतात विचारलं तर दोन वाक्यांत कटवतील, घरी म्हटलं की आई येते, आजी येते, कोणाच्या घरात कोणाला जमत नव्हतं ते पण येतं.

आणि हो, पहिल्याच भेटीत वही काढू नका. आधी दोनचार वेळा नुसतं जेवा.

पायरी २: आधी शब्द नीट समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखं होईल

माझं काय झालं सांगते. ऑन्टींनी कॅलालूचं साहित्य सांगितलं, मी म्हटलं आता पानं कोण सोलत बसणार, दुकानात 'कॅलालू' लिहिलेले टिन होते ते दोन घेऊन आले, नारळाचं दूध, भेंडी घालून सगळं शिजवलं आणि ऑन्टींना वर बोलावलं. त्यांनी चमच्याने हलवून बघितलं आणि मागे वळून अंकलना हाक मारली, 'हे तुझ्याकडचं आहे.'

कारण जमैकात कॅलालू म्हणजे माठ. आपला माठ-तांदुळजा, त्याच कुळातला. कांदा-लसणावर परतून सकाळी नाश्त्याला खातात. आणि त्रिनिदादमध्ये कॅलालू म्हणजे अळू, भेंडी आणि नारळाच्या दुधाचं दाट गरगट. इंग्लंडात टिनमध्ये मिळतो तो बहुतेक वेळा जमैकावाला माठच असतो. ह्या एका शब्दावरून त्या घरात चाळीस वर्षं भांडण चालू आहे आणि ते मिटावं असं दोघांनाही वाटत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून काही शब्द जिथे हमखास फसायला होतं. 'राइस अँड पीज' मध्ये वाटाणा नसतो, जमैकात राजम्याला रेड पीज म्हणतात. 'गुंगो पीज' म्हणजे तूर, आणि हैतीत तिलाच प्वा काँगो म्हणतात. त्रिनिदादमध्ये 'ग्रीन फिग' म्हणजे अंजीर नाही तर कच्चं केळं. जमैकात 'पेअर' म्हटलं तर बहुतेक वेळा अॅव्होकाडो. 'पेपर' म्हणजे मिरे नाहीत, मिरची. एडो म्हणजे आपल्या अळकुड्या.

आणि 'प्रोव्हिजन'. हा शब्द मला फार आवडतो. याम (आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद), रताळं, कसावा, अळकुड्या, कच्ची केळी ह्या सगळ्याला मिळून ग्राउंड प्रोव्हिजन म्हणतात. गुलामगिरीच्या काळात जमैकासारख्या बेटांवर मळेवाले उसाखालची चांगली जमीन स्वतःकडे ठेवायचे आणि डोंगरउतारावरचे खडकाळ तुकडे गुलामांना द्यायचे, की ह्यात पिकवा आणि तुमचं तुम्ही खा, म्हणजे खायला घालायचा खर्च वाचला. त्या तुकड्यांना म्हणायचे प्रोव्हिजन ग्राउंड. लोकांनी तिथे पश्चिम आफ्रिकेत खायचे तेच कंद लावले, उरलेलं रविवारच्या बाजारात विकलं, कारण रविवार तेवढा त्यांचा. आज ब्रिक्स्टनमध्ये कोणी 'प्रोव्हिजन द्या दोन पाउंडाचं' म्हणतं तेव्हा तो शब्द तिथून आलेला असतो.

पायरी ३: बाजार

पहिल्या दोन पदार्थांसाठी एवढंच आणा, जास्त नको, नाहीतर निम्मं फ्रिजमध्ये कुजतं.

अळूची पानं १२-१५, मध्यम. कॅरिबियन स्टॉलवर डॅशीन बुश म्हणून मागा, नाही मिळाली तर गुजराती दुकानात पात्राची पानं मिळतात तीच. कोवळी भेंडी १०-१२. लाल भोपळ्याची एक फोड. नारळाच्या दुधाचे दोन टिन (४०० मिलीवाले). राजमा. लांब दाण्याचा तांदूळ, बासमती चालेल पण ऑन्टींना त्याचा वास मधे मधे येतो, म्हणून साधा घ्या. कांद्याची पात, लसूण, ताज्या थाईमची जुडी. पिमेंटो, म्हणजे ऑलस्पाइसचे अख्खे दाणे, आपल्याकडे ज्याला कबाबचिनी म्हणून खपवतात पण ते वेगळं असतं, तेव्हा घरची पुडी वापरू नका.

स्कॉच बॉनेट मिरची. दिसायला गोंडस, छोट्या टोपीसारखी, पिवळी-लाल. ही लवंगीच्या बापाची बाप आहे. पण तिखटापेक्षा तिचा वास, आंबा-जर्दाळूसारखा, तो हवा असतो. त्यासाठीची युक्ती खाली सांगते.

आणि बंधनिया. हो, बंधनिया! कोथिंबिरीसारखा पण तिप्पट उग्र वास, पानं लांबट आणि कडेला दातेरी. त्रिनिदादमध्ये ह्याला शॅडो बेनी म्हणतात, ते फ्रेंचमधून आलंय, आणि भारतीय वंशाचे लोक म्हणतात बंधनिया, म्हणजे बन-धनिया, रानातली कोथिंबीर. कलकत्त्याहून निघालेलं फतेल रझाक नावाचं जहाज ३० मे १८४५ ला तिथे पोचलं आणि पुढे १९१७ पर्यंत सुमारे १,४३,००० माणसं उसाच्या मळ्यांवर करारावर नेली गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. (आपली मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली ती मॉरिशसला, तो वेगळा विषय.) ऑन्टींचं घराणं आफ्रिकन वंशाचं, पण त्यांच्या तोंडी शॅडो बेनी कमी आणि बंधनियाच जास्त, कारण लहानपणी शेजार तसा होता. इथे हे व्हिएतनामी दुकानात मिळतं. नाही मिळालं तर कोथिंबीर जास्त घाला आणि कोणाला सांगू नका.

पायरी ४: भांडं आणि रवी

डच पॉट म्हणजे जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं ओतीव अॅल्युमिनियमचं पातेलं, जमैकन लोक डची म्हणतात. ते नसेल तर कुठलंही जाड बुडाचं चालतं. कुकर नको. मी एकदा कुकरला अळू लावलं आणि तीन शिट्ट्या ऐकून ऑन्टी खालून फोन करून विचारत होत्या की कोणाला मारतेयस.

कॅलालू घोटायला त्यांच्याकडे लाकडी स्विझल स्टिक असते, तळहातांमध्ये धरून घुसळायची. मी माझी ताकाची रवी काढून दाखवली. ऑन्टींनी ती दोन्ही तळव्यात धरून फिरवली, उलटीसुलटी करून बघितली, आणि तेव्हापासून ती त्यांच्याच घरी आहे.

पायरी ५: त्रिनिदादचं कॅलालू

अळूला हात लावायच्या आधी हाताला तेल चोळा. ही आपल्याकडची युक्ती, त्यांनाही पटली. देठ सोलून घ्या, पानांच्या जाड शिरा काढा, सगळं चिरा. फार बारीक कापत बसू नका, शेवटी घोटायचंच आहे.

पातेल्यात चमचाभर तेलावर एक चिरलेला कांदा, चार पाकळ्या लसूण, दोनतीन काड्या पात आणि थाईम परता. मोहरी नाही. जिरं नाही. हिंग तर नाहीच नाही. माझी आई व्हिडिओ कॉलवर होती तेव्हा, तिचं चालूच की अगं फोडणी कुठंय, फोडणी. सवय आहे, हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे जातो, तर पहिल्या दिवशी डबा कपाटात ठेवून द्या.

मग अळू, गोल चिरलेली भेंडी, वाटीभर भोपळ्याच्या फोडी आणि चारपाच बंधनियाची पानं घाला. नारळाचं दूध एक टिन आणि साधारण दोन कप पाणी. मीठ. आणि वरून एक अख्खी स्कॉच बॉनेट, देठासकट, न चिरता. ती नुसती वर तरंगत राहते, वास सोडते आणि तिखट आत ठेवते. पातेल्यात काय शिजतंय ते हलवताना तिला डाव लागू द्यायचा नाही, फुटली तर जेवण संपलं. ऑन्टी तिला शेवटी चमच्याने उचलून बाहेर काढतात तेव्हा त्यांचा चेहरा बाळाला आंघोळीतून उचलल्यासारखा असतो.

भेंडीबद्दल थोडं. आपण भेंडी धुवून पुसून कोरडी करतो, चिंच-आमसूल घालतो, का तर चिकट होऊ नये. इथे उलटं. ती तारच हवी असते, तिनेच कॅलालू दाट होतं. भेंडी मुळात आफ्रिकेची, ओक्रा हा इंग्रजी शब्दसुद्धा पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून आलाय आणि त्रिनिदादमध्ये अजून ओक्रो म्हणतात. बार्बाडोसला जा, तिथे मक्याच्या पिठात भेंडी घालून कू-कू करतात, तिथेही बुळबुळीतपणा हाच मुद्दा. मला हे पचायला एक वर्ष लागलं. आता साधी कोरडी भेंडीची भाजी खाताना काहीतरी कमी वाटतं, आईला सांगितलेलं नाही.

मंद आचेवर झाकून ४० ते ४५ मिनिटं. घाई करू नका. कच्चं राहिलं तर घशाला खाज सुटते, ते आपल्याला माहितीये. फरक असा की आपण चिंच घालून खवखव मारतो आणि ते नुसतं शिजवून शिजवून मारतात. देठ बोटांत दाबला की लोण्यासारखा व्हायला हवा. मग मिरची बाहेर काढा आणि रवीने घुसळा. हँड ब्लेंडर असेल तर दोनतीन झटके, जास्त नाही, नाहीतर गोंद होतो.

तिकडे ह्यात खेकडा घालतात, किंवा खारवलेली डुकराची शेपटी. मी शाकाहारीच करते. रविवारी दुपारी भात, कॅलालू, चिकन स्ट्यू आणि मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), असं ताट असतं. मॅकरोनी आणि अळू एका ताटात बघून मी पहिल्यांदा हसले होते, आता नाही हसत.

मी एकदा विचारलं की ऑन्टी, थोडीशी चिंच घालू का. त्या म्हणाल्या, घाल की, पण मग त्याला तुझ्या आईचं नाव दे.

पायरी ६: जमैकाचा राइस अँड पीज

हा अंकलचा प्रांत. ऑन्टी तेव्हा स्वयंपाकघराच्या बाहेर.

वाटीभर राजमा (साधारण २०० ग्रॅम) रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या. नवीन पाण्यात तीन पाकळ्या लसूण घालून उकळा, आणि पहिली दहा मिनिटं खदखदून उकळलाच पाहिजे. हे चवीसाठी नाही, कच्च्या राजम्यात असं द्रव्य असतं की पोटाचे हाल होतात, आणि स्लो कुकरच्या मंद आचेवर ते जात नाही, उलट वाढतं. आपण कुकर लावतो म्हणून आपल्याला कधी कळत नाही. मग मंद आचेवर तासभर, मऊ होईपर्यंत. मीठ आता नाही, मऊ झाल्यावर.

ते लालसर रंग आलेलं पाणी फेकायचं नाही, तोच भाताचा रंग. त्यात एक टिन नारळाचं दूध, चार काड्या थाईम, ठेचलेली कांद्याची पात, सहासात पिमेंटोचे दाणे, मीठ आणि पुन्हा ती अख्खी मिरची. उकळी आली की धुतलेला तांदूळ, दोन वाट्या. पाणी किती? अंकल तांदळावर बोट टेकवतात आणि पहिल्या पेरापर्यंत बघतात. माझी आजी अगदी हेच करायची! मी त्यांना ते सांगितलं तर म्हणाले, मग अजून कसं मोजणार?

झाकणाखाली फॉइल लावून एकदम बारीक गॅसवर २०-२५ मिनिटं, मधे उघडायचं नाही. अंकल इथे आल्यापासून टिनाऐवजी घट्ट खोबऱ्याची वडी वापरतात, पाकिटात मिळते ती, आणि त्यांच्या मते तीच भारी.

नाताळात हाच भात गुंगो पीजचा होतो, ताज्या तुरीचा, कारण तेव्हा तिकडे शेंगा भरतात. विदर्भातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, सोलेभात त्याच दिवसांत होतो. तूर आपल्याकडून आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर पलीकडे.

ह्याच भाताचा एक आफ्रिकेतला चुलत भाऊ बघायचा असेल तर घानाचं वाचे करा. तांदूळ आणि चवळी एकत्र, आणि रंगासाठी ज्वारीची वाळलेली पानं पाण्यात घालतात, भात तांबूस होतो. सोलापूरकडच्या कोणाला ह्यात इंटरेस्ट असेल तर पानं तुमच्याकडे जनावरं खातायत!

पायरी ७: साखर जाळणे (हे धीराचं काम)

चिकन स्ट्यूचा तो गडद रंग मसाल्याचा नसतो, जाळलेल्या साखरेचा असतो. गरम तेलात दोन चमचे ब्राउन साखर, हलवायचं नाही, विरघळते, फेसाळते, तांबडी होते, मग एकदम गडद तपकिरी, आणि ती काळी व्हायच्या आधीच्या दोन सेकंदात मुरवलेलं चिकन टाकायचं. उडतं, सांभाळा. दोन सेकंद उशीर झाला तर कडू, फेकून द्या, वाचवायचा प्रयत्न करू नका. माझं तीनदा फेकलं गेलंय आणि एकदा स्मोक अलार्मने पूर्ण बिल्डिंग खाली उतरवलीय. चौथ्या वेळी ऑन्टींनी सांगितलं की डोळ्याने बघू नको, नाकाने बघ, वास गोडाचा कडवट व्हायला लागला की टाक. तेव्हा जमलं.

मधेच एक सावधगिरी

अॅकी हे जमैकाचं राष्ट्रीय फळ, मूळ पश्चिम आफ्रिकेचं, खारवलेल्या माशाबरोबर खातात, दिसायला अंडाभुर्जी. कच्चं अॅकी विषारी असतं. झाडावर स्वतःहून उघडलेलंच खातात, तेही नीट साफ करून, उकळून. नवशिक्यांनी टिनमधलंच घ्यावं, विषय संपला. कसावा सोलून नीट उकडल्याशिवाय खाऊ नये, फ्रोझन मिळतो तो सोपा. खारा मासा, म्हणजे सॉल्टफिश, रात्रभर भिजवून दोनदा पाणी बदलायचं, नाहीतर तोंड वाकडं होतं. हा मासा कॅरिबियनमधला नाहीच खरंतर, उत्तर अटलांटिकमधला कॉड, न्यूफाउंडलंडच्या बाजूचा सगळ्यात हलका माल गुलामांना खायला म्हणून मळ्यांवर पाठवायचे. आता तो राष्ट्रीय डिशमध्ये आहे आणि दुकानात किंमत बघून मला घाम फुटतो.

पायरी ८: लिहून ठेवणं, ही खरी पायरी

ऑन्टींकडे एकही रेसिपी लिहिलेली नाही. सगळं अंदाजपंचे. किती मीठ विचारलं तर 'पुरेसं'. किती वेळ विचारलं तर 'होईपर्यंत'. तर मी काय करते ते सांगते, हे कुठल्याही आजीवर चालेल, आपल्यासुद्धा.

किचनचा काटा घ्या. मिठाची बरणी, साखरेचा डबा, थाईमची जुडी, सगळ्याचं वजन त्यांनी सुरुवात करायच्या आधी करून ठेवा. त्यांना करू दे मूठमूठ, अजिबात थांबवू नका, हात धरून चमचा पुढे केला तर तो हात बिचकतो आणि चव बदलते, मी बघितलंय. स्वयंपाक झाला की पुन्हा वजन करा. जो फरक तेवढं पडलं. तीन वेळा केलं की आकडा स्थिर होतो. ऑन्टींचं 'पुरेसं' म्हणजे ११ ग्रॅम मीठ निघालं, तिन्ही वेळा ग्रॅम इकडे तिकडे.

फोनवर आवाज रेकॉर्ड करा, विचारून. व्हिडिओ काढायचा तर पदार्थाचा नको, हातांचा काढा. पानं कशी मुडपली, मिरची कुठे ठेवली, हे हातात असतं.

आणि प्रश्न. 'ह्या पदार्थाचं तुमच्यासाठी महत्त्व काय' असलं काही विचारू नका, मी विचारलं होतं, उत्तर मिळालं 'भूक लागते'. त्यापेक्षा हे विचारा: हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्यांच्याकडे काय नसायचं? घरात कोणाला आवडत नव्हतं? इथे आल्यावर काय मिळेना, मग काय वापरलं?

ह्या शेवटच्या प्रश्नाने माझी वही बदलली. ऑन्टी आल्या तेव्हा त्यांच्या हॉस्टेलजवळ डॅशीन मिळायचं नाही. ब्रिक्स्टनच्या बाजारात मिळायचं, कारण १९४८ च्या जूनमध्ये विंडरश नावाच्या बोटीतून कॅरिबियनहून आलेल्यांपैकी ज्यांना राहायला जागा नव्हती त्यांना क्लॅपम साउथच्या भुयारी शेल्टरमध्ये ठेवलं होतं, आणि तिथून जवळचं काम मिळवायचं ऑफिस ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर, म्हणून लोक इथे जमत गेले. पण ऑन्टी राहायच्या लांब, ड्यूट्या रात्रीच्या. तर त्यांनी पालकाचं कॅलालू सुरू केलं. पालक, भेंडी टिनची, नारळाचं दूध. वीस मिनिटांत होतं. बारा-तेरा वर्षं तेच केलं, मुलं त्यावर वाढली.

आता त्यांचा मुलगा पन्नाशीला आलाय, तो रविवारी येतो आणि अळूचं कॅलालू बघून म्हणतो, मम, खरं कॅलालू कर ना, पालकाचं.

ऑन्टी ते लिहू देत नव्हत्या, त्यांच्या मते ती तडजोड होती, त्यात काय लिहायचं. मी भांडून लिहिलं. वहीत डाव्या पानावर अळूचं, 'आईकडून, टुनापुना' (हे त्रिनिदादमधलं गाव), आणि उजव्या पानावर पालकाचं, 'नाइट ड्यूटी, १९७१ च्या पुढे'. तुम्ही कोणाचंही लिहून घेत असाल तर दोन्ही पानं ठेवा. लोक फक्त डावं पान सांगतात, उजवं काढून घ्यावं लागतं.

नावंही जशी उच्चारतात तशीच लिहा, सुधारू नका. अंकलच्या घरी रताळं-नारळाचं सारण केळीच्या पानात बांधून उकडतात, आपल्या पातोळ्यांची आठवण येते, त्याला म्हणतात डुकुनू. दुसरं नाव ब्लू ड्रॉअर्स, म्हणजे निळी चड्डी, त्यावर आमचं खूप हसून झालं. पण घानातल्या अकान लोकांमध्ये आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या, पानात गुंडाळून शिजवलेल्या गोळ्याला डोकोनो म्हणतात. गुलामांच्या जहाजातून लोकांना आपलं सामान आणता आलं नव्हतं, भांडं नाही, कपडे नाहीत, तरी हा शब्द पोचला. तुम्ही त्याचं 'बनाना लीफ पुडिंग' करून टाकलंत तर गेला ना तो.

हैतीचं सूप जूमू, भोपळ्याचं, हे पण असंच. फ्रेंच मालकांसाठी गुलाम ते शिजवायचे पण त्यांना ते प्यायची मुभा नव्हती. १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर झालं आणि तेव्हापासून दर १ जानेवारीला घरोघरी तेच करतात. २०२१ साली युनेस्कोच्या यादीत आलं, सेनेगलचं चेबू जेन, म्हणजे मासे-भातही त्याच वर्षी. ही सगळी पुढची यादी झाली, आधी दोन पदार्थ हाताला बसू द्या.

पायरी ९: तिसऱ्यांदा एकट्याने

पहिल्यांदा फक्त बघा. दुसऱ्यांदा तुम्ही करा आणि त्यांना शेजारी बसवून बोलू दे, वाईट वाटून घेऊ नका. तिसऱ्यांदा एकट्याने करा आणि डबा भरून खाली नेऊन द्या. त्यांनी 'नाइस' म्हटलं तर जमलेलं नाही. काही न बोलता दुसरी वाटी घेतली तर जमलं.

माझा पहिला डबा ऑन्टींनी धुवून रिकामा परत केला होता. मी म्हटलं आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. ते त्यांनी डोक्यात ठेवलं, आणि मागच्या आठवड्यात डबा परत आला तो मातीने भरलेला, आत बंधनियाची चार रोपं. कोणाला लावायचं असेल तर सांगते: कुंडी उन्हात ठेवू नका, सावलीतच ठेवा, माती ओली हवी, आणि मधोमध फुलाचा तुरा यायला लागला की लगेच खुडा, नाहीतर पानं कडक होतात.